शेवटची काडेपेटी

त्या शनिवारी मी विनीकडे गेले होते ती फक्त पेस्टी आणायला. दुसरं काहीही मनात नव्हतं. दर फेब्रुवारीत आमची मंडळी आपापले कॉम्प्युटर काखोटीला मारून हॉलमध्ये जमतात, दिवसभर गेम खेळतात, आणि त्या दिवसाच्या पेस्ट्या विनी ट्रेंबाथ भाजतात. मांस-बटाटा भरलेल्या, जाड कड दुमडलेल्या, एक खाल्ली की संध्याकाळपर्यंत बघायला नको. विनीने गाडी चालवणं सोडलंय, म्हणून ट्रे आणायचं काम माझ्याकडे.

घ्या, कॉफी गार होतेय. ओडेल ट्रक घेऊन येईपर्यंत तुमची गाडी त्या बर्फातून निघत नाही, तेव्हा निवांत ऐका. आज तुम्ही खेळताना ती शेवटची काडेपेटी उचलली गेली आणि सगळे एकदम गप्प झाले. तुमचं तोंड एवढंसं झालं, ते मी बघितलं. तुम्ही नवीन, तुम्हाला आमच्या रीती कोण सांगणार? म्हणून म्हटलं, चला घरी, मीच सांगते.

'डीप कार्बाइड' हे नाव इथे येण्याआधी तुम्ही कुणाच्या तोंडून ऐकलं होतं? कुणाच्याच नाही. बरोबर. कुणीच ऐकलेलं नसतं. हा गेम विनीच्या मुलाने, क्लेटन ट्रेंबाथने, आणि मी केला, इथेच, या तांब्याच्या खाणींच्या मुलुखात, जिथे खाणी बंद पडून गावं ओस पडली आणि उरले ते आमच्यासारखे हट्टी. तेव्हाच्या एका मासिकाने लिहिलं, काळ्या कपाटात डोकं घालून बसायची हौस असेल तर हा गेम घ्या. लिहू देत बापडे. ज्यांनी ते लिहिलं त्यांची मासिकं बंद पडली, आमचा गेम चालू आहे.

जगातल्या सगळ्या गोळीबाराच्या गेममध्ये गोळी झाडली की उजेड पडतो. आमच्यात अंधार पडतो. तुमच्या कपाळावर कार्बाइडचा दिवा, म्हणजे उघडी ज्योत. बंदूक उडाली की दणक्याने ती विझते. मग चाचपडत काडी ओढायची, आणि काड्या मोजक्याच. त्यामुळे प्रत्येक गोळीआधी माणसाला स्वतःला विचारावं लागतं, समोर खरंच कुणी आहे, की मीच टरकलोय? हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या गेमने विचारलाय, सांगा बघू. संगीत नाही, आकडे नाहीत, बाण दाखवून वाट सांगणं नाही. नुसते आवाज. मी फुशारकी मारतेय म्हणाल तर हो, मारतेय. जिथे मारायची तिथे मारावी.

आणि काडी ओढणारा जो हात पडद्यावर दिसतो ना, तो माझा. हा बघा, उजवा, अंगठ्याखाली हा भाजल्याचा डाग. कॅमेऱ्यासमोर काड्या ओढून ओढून पडलेला. क्लेटन म्हणाला, डाग राहू दे, खाणीतल्या माणसाच्या हाताला डाग असतोच. अख्ख्या गेममध्ये हात हा एकच. कुणीही खेळो, पडद्यावर हात इर्मा रौतिओचा. एवढं लक्षात ठेवा.

आता काडेपेटीचं. क्लेटनची माणसं इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून आलेली, पिढ्यान् पिढ्या खाणीतली. त्यांच्यात मानतात की खडकाच्या आत ठोकणारे राहतात. छप्पर कोसळायच्या आधी ते ठोकून इशारा देतात. म्हणून खाणीत पेस्टी खाल्ली की कड त्यांच्यासाठी टाकायची. कड खाणाऱ्याला ठोका ऐकू आला तरी कळत नाही, असं विनी म्हणतात. क्लेटन गेम खेळताना तसंच करायचा. प्रत्येक खाणीत शेवटची एक काडेपेटी मुद्दाम सोडून द्यायचा, कितीही अडचण असो. कुठे लिहिलेलं नाही, कुणाला सांगितलेलं नाही. त्याचं बघून सगळे करायला लागले, आणि आता रीतच झाली.

क्लेटन गेला तो गेम संपायच्या बेतात असताना. शेवटची लेव्हल राहिली होती. तिचे आवाज खरेखुरे हवेत म्हणून तो रेकॉर्डर घेऊन डोंगराच्या अंगाच्या जुन्या तोंडातून खाणीत उतरला. मीही येते म्हटलं, तर म्हणाला, तुझे बूट फार वाजतात. तो उतरला तो उतरलाच. शेरीफची माणसं गेली, खाणीत जन्म काढलेले म्हातारे गेले, कुत्री गेली. साधा दोरसुद्धा हाती लागला नाही. पुढे गेम बाजारात आला तो शेवटच्या लेव्हलविना, आणि विनीच्या घरी थडग्याविना दुःख राहिलं. त्याला आता वीसेक वर्षं होतील.

तर त्या शनिवारी मी स्वयंपाकघरात शिरले तेव्हा विनी ओट्यापाशी उभ्या होत्या आणि ओडेल आधीच येऊन बसला होता. ओडेलला तुम्ही ओळखताच, काउंटीचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवतो, आणि आमच्यातला सगळ्यात भारी खेळाडू. वादळ येतंय म्हणून तो विनीला ट्रकमधून हॉलवर न्यायला आला होता. विनीने माझ्याकडे तोंड केलं, पण जरा बाजूला बघत. त्यांच्या डोळ्यांचं तसं आहे. नजरेच्या मधलं गेलंय, फक्त कडेचं दिसतं.

"तुझं तोंड काही दिसत नाही इर्मा, पण कान छान दिसतात," त्या म्हणाल्या. मग हात पुसत अगदी हळू म्हणाल्या, "पोरी, डॉक्टर म्हणतात पुढच्या हिवाळ्यात कडेचंही राहणार नाही. मला क्लेटनचं शेवटचं काम बघायचंय. आज."

ओडेल खिडकीबाहेर बघायला लागला. मी म्हटलं, विनी, ती लेव्हल चालतच नाही, तुम्हाला माहितेय. त्या म्हणाल्या, तर मग चालव.

का चालत नव्हती ते सांगते. अशा गेममधली जागा सगळीकडून बंद असावी लागते. कुठेही सुईएवढी फट राहिली की कॉम्प्युटर लेव्हल जुळवून द्यायला नकार देतो. याला आम्ही गळती म्हणतो. मग तो एक काम करतो, आतल्या एखाद्या दिव्यापासून त्या फटीपर्यंत एक तांबडी रेघ काढून देतो. रेघेच्या मागे मागे जा, फट सापडेल. नवशिके एवढे कष्ट घेत नाहीत, सरळ सगळ्या लेव्हलभोवती एक मोठं खोकं घालतात आणि मोकळे होतात. क्लेटनला त्याचा भयंकर राग. म्हणायचा, खोकं घालणारा आणि भिंतीची भेग कॅलेंडरने झाकणारा एकाच आईची लेकरं. मीही कधी खोकं घातलेलं नाही. त्याच्या लेव्हलला तर मेले तरी घालणार नाही.

पण ती रेघ भयंकर लांब होती. मी आधीही बसले होते तिच्या मागे, आणि एक भोक बुजवलं की रेघ दुसऱ्या बोगद्यात निघायची. क्लेटनचं जुळवणीचं हत्यार म्हणजे त्याने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम, तो चालायचा फक्त त्याच्या जुन्या मशीनवर, आणि ते मशीन विनीच्या तळघरात, तो ठेवून गेला तिथेच. मी म्हटलं, बघते. तुम्ही पुढे व्हा, झालं तर संध्याकाळपर्यंत घेऊन येते.

विनीने माझ्या हातात एक गरम पेस्टी दिली. ओडेलने ट्रे उचलले, जाता जाता मला म्हणाला, "चालली नाही तर सांग हां... म्हातारीला मीच काहीतरी सांगेन."

तळघरात मी दिवा लावला. विनीच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारलाय, त्या कित्येक वर्षांत तिथे उतरलेल्या नाहीत. खाणीतल्या टाकाऊ दगडांच्या भिंती, एका कोपऱ्यात बॉयलर, त्याच्या समोर काम करायची फळी, फळीवर मशीन, आणि क्लेटनची खुर्ची. वर एकच आडवी खिडकी, जमिनीलगत. ओडेलचा ट्रक निघाला तसा त्याने ढकललेला बर्फ त्या खिडकीवर येऊन बसला आणि भर दुपारी तळघरात काळोख झाला. ट्रकचा आवाज लांब गेला. मग बॉयलरची घरघर तेवढी राहिली.

मी पेस्टी खात खात काम सुरू केलं. रेघ बघायची ती नुसत्या आराखड्याच्या खिडकीत, तिथे ना दिवा विझतो, ना आवाज असतो. अगदी मुकं असतं सगळं. मी रेघेमागे निघाले. खालच्या बोगद्यातून आडवी, मग लाकडी टेकूंमधून, मग पाणी साचलेल्या भागातून. आणि मला अभिमानाने भरून आलं, खोटं नाही सांगत. त्या पोराने एकेक टेकू वेगळा कोरला होता. कुठे कुऱ्हाडीचा घाव, कुठे कुणी खडूने लिहिलेली आडनावं, कुठे उंदराने कुरतडलेला जेवणाचा डबा. हे सगळं अंधारात राहणार, बहुतेकांना दिसणारसुद्धा नाही, हे त्याला माहीत होतं. तरी केलं होतं. याला म्हणतात काम.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. पूर्ण लेव्हलमध्ये शत्रू एकही नव्हता. मी पुन्हा पुन्हा बघितलं. शेवटची लेव्हल, गोळीबाराचा गेम, आणि मारायला कुणी नाही. नुसतं खालून वर चालत यायचं. माणूस मात्र घाबरून गोळ्या झाडणार, स्वतःचाच दिवा विझवणार, आणि झाडणार कशावर, तर कशावरच नाही. मी खुर्चीत मागे टेकले आणि एकटीच हसले. असा शेवट कुणाला सुचला असता? सांगा ना, कुणाला?

रेघ वर चढायला लागली. दगडात कोरलेला अरुंद चढ, मग अजून अरुंद. आणि मग ती एका छोट्या खोलीत शिरली, जी मी आजवर कधी बघितलेली नव्हती.

मी ओळखली ती. पायऱ्या त्याच. बॉयलर तोच. काम करायची फळी, फळीवर मशीन, समोर खुर्ची. आडवी खिडकी आणि तिच्यावर बर्फ. क्लेटन गेला ऑगस्टमध्ये, तेव्हा बर्फ कुठला... पण होता, काळा दिसणारा, खिडकी भरून. आणि रेघ त्या खुर्चीला वळसा घालून बॉयलरमागच्या भिंतीत जात होती. तिथे एक दगड नव्हता. तेवढी एकच फट. सगळी गळती तिथून.

म्हणजे माझ्या पाठीमागून.

मी वळले नाही लगेच. मान वळेचना. तेवढ्यात नाकात वास आला, लसणासारखा. पेस्टीत लसूण नसतो. तो वास कार्बाइडच्या गॅसचा असतो, आमच्या आजोबांच्या टोपीला यायचा. आणि पोटऱ्यांना गरम, ओलसर हवा लागत होती. थंडीच्या दिवसांत खाणीतून अशी हवा येते.

मग ऐकू आलं. ठक... ठक...

आराखड्यात आवाज नसतो, हे मघाशी सांगितलं तुम्हाला. आवाज भिंतीतून येत होता.

मी वळले. बॉयलरमागे एक दगड खाली जमिनीवर पडलेला होता आणि भिंतीत त्याच्याएवढं काळं भोक होतं. आत काही दिसत नव्हतं. मी रौतिओंची नात, माझ्या घरात तीन पिढ्या खाणीत गेल्या, मला भुताखेतांचं कौतुक नाही. मी तो दगड दोन्ही हातांनी उचलला आणि भोकात दडपून बसवला. बसला की हवा थांबली. मग वळून आराखड्यातही तसाच दगड तसाच बसवला आणि जुळवणी सुरू केली.

मशीन बराच वेळ कुरकुरलं. मी डोळे मिटून बसले होते. उघडले तेव्हा पडद्यावर तांबडी रेघ नव्हती. लेव्हल जुळली होती.

मी रडले. उगाच कशाला लपवू? खोकं न घालता जुळली होती, त्याने लिहिलेल्या हत्याराने, त्याच्या मशीनवर. आता विनी बघणार होत्या. मी फाईल घेतली, कोट चढवला, आणि पायरीवर पाय ठेवला तर मागून पुन्हा... ठक. दगडाच्या पलीकडून. जरा अजिजीने आल्यासारखं.

माझ्या मनात आलं, कड टाकायला हवी. पण पेस्टी मी कामाच्या नादात कडेसकट खाऊन टाकली होती. मग फळीवर बॉयलर पेटवायची काडेपेटी होती, एका कोपऱ्याला पाण्याने फुगलेली. ती मी त्या दगडाखाली ठेवली आणि वर पळाले.

हॉलमध्ये पोचले तेव्हा सगळे जेवून बसले होते. विनीच्या शेजारी बसलेल्या ओडेलला मी एवढंच सांगितलं, चालते. त्याने आपली टोपी उलटी केली, खेळायला बसताना करतो तशी. भिंतीवर चादर टांगून तिच्यावर कॉम्प्युटरचं चित्र पाडलं, दिवे मालवले. तिथल्या कुणीच ती लेव्हल कधी बघितली नव्हती. ओडेल पहिल्यांदा खेळत होता, सगळ्यांसमोर.

काय खेळला तो. जपून, भिंतीला हात लावल्यासारखा. प्रत्येक टेकूपाशी थांबून दिवा फिरवायचा, आणि हॉलमधून हळूच कुणीतरी म्हणायचं, अरे, हे माझ्या पणज्याचं आडनाव. विनी पुढच्या रांगेत मान तिरकी करून बसल्या होत्या, कडेने बघत. तळाशी ओडेलला काडेपेटी दिसली. त्याच्याजवळच्या काड्या संपत आल्या होत्या. तरी त्याने ती उचलली नाही, रीतीप्रमाणे पुढे गेला. मला त्याचा फार अभिमान वाटला.

चढ सुरू झाला तशी ओडेलच्या मागे पावलं वाजायला लागली. ते आवाज मी त्या लेव्हलमध्ये घातले नव्हते, क्लेटननेही नाही. तो रेकॉर्डर परत आलाच नव्हता. ओडेलने एक गोळी झाडून बघितली, शेवटच्या काडीने दिवा पुन्हा पेटवला, पुन्हा पावलं. आणि हा एवढा पट्टीचा माणूस घाबरला, वळला आणि पुन्हा गोळी झाडली. दिवा विझला. चादर काळीभोर झाली.

ओडेलने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून वर धरले आणि कुजबुजला, "काडी नाही इर्मा... एकही नाही."

मला वाटलं, संपलं. विनीने एवढी वाट बघितली आणि त्यांना दिसणार हा काळोख.

तेवढ्यात काडी ओढल्याचा आवाज आला.

सगळे चादरीच्या मध्यावर बघत होते, तिथे काहीच नव्हतं. पहिल्यांदा दिसलं ते विनीला, कारण त्यांना कडेचंच दिसतं. त्या अगदी हळू म्हणाल्या, "डावीकडे बघा..."

पडद्याच्या डाव्या कडेला एक काडी जळत होती. ती धरणारा हात माझा नव्हता. डावा होता. अंगठ्याखाली डाग नव्हता, आणि करंगळीचं टोक नव्हतं. क्लेटन डावखुरा होता. लहानपणी बर्फ फेकायच्या यंत्रात त्याच्या करंगळीचं टोक गेलं होतं, ते यंत्र बंद करायला मीच धावले होते.

ओडेलचे दोन्ही हात अजून वरच होते. तरी ज्योत चालायला लागली. चढ संपला, तळघर आलं, बॉयलर, फळी, खुर्ची. मग पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या वर विनीचं स्वयंपाकघर, ओटा, भाजायच्या ट्रेची जागा, खिडकीपाशी त्यांची निळ्या उशीची खुर्ची. हात तिच्यासमोर थांबला. काडी जळत जळत बोटांपर्यंत आली. मग विझली आणि लेव्हल संपली.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. ओडेलने टोपी काढली आणि एकेक करून सगळे उभे राहिले. विनी मात्र बसूनच होत्या, ताठ. मागे वळून सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या पोराने केलंय हे. सगळं त्याने केलंय." काळ्या कपाटात डोकं घालायच्या गोष्टी करणाऱ्यांनी तेव्हा तिथे यायला हवं होतं. आम्हाला एवढी वर्षं कुणी विचारलं नाही, त्याचं काहीएक वाटेनासं झालं मला त्या क्षणी.

परत जाताना ट्रकमध्ये विनीने विचारलं, एवढी वर्षं नेमकं काय अडलं होतं. मी रेघेचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं, दगडाचंही सांगितलं. त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं.

"ती रेघ बाहेरची वाट दाखवते ना?"

हो, म्हटलं.

"आणि तू ती वाट बुजवलीस. दोन्हीकडची..." त्यांनी माझा हात धरला. "मग आता तो कुठल्या बाजूला आहे, इर्मा?"

दुसऱ्या दिवशी मी ट्रे परत द्यायचं निमित्त करून तळघरात गेले. दगड पुन्हा जमिनीवर होता. काडेपेटी नव्हती. आणि त्या भोकापासून भिंतीवरून काजळीची एक रेघ निघाली होती, बोटाएवढी जाड, बॉयलरला वळसा घालून खुर्चीपर्यंत. जिथे संपत होती तिथे एक जळकी काडी पडली होती. मी फडकं घेऊन पुसायला वाकले, तर वरून विनी म्हणाल्या, "पुसू नको पोरी. त्याला वाट सापडू दे." मी तोंडातून शब्दही काढला नव्हता.

तेव्हापासून मी जाते अधूनमधून. आधी रेघ पायऱ्यांपर्यंत होती. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. दर वेळी टोकाला एक जळकी काडी. विनी तळघराचं दार उघडं ठेवून त्या निळ्या उशीच्या खुर्चीत बसतात, तोंडाने गाणं गुणगुणत, पूर्वीपेक्षा टवटवीत दिसतात. काल गेले तर रेघ खुर्चीपासून हातभर लांब राहिली होती. आणि खुर्चीच्या डाव्या हाताला ती काडेपेटी होती, तीच, कोपऱ्याला फुगलेली. मी उघडून बघितली. आत एकच काडी होती. मी तशीच बंद करून ठेवली.

आता आजचं. तुम्ही रीत मोडली म्हणून सगळे गप्प झाले, असं तुम्हाला वाटतंय. तसं नाही. तुमच्या चुकीला कुणी एवढं गप्प होत नाही, आम्ही तुमची थट्टा केली असती. ती पेटी उचलली गेली तेव्हा पडद्यावर कुठला हात होता, तुम्ही बघितलंत का? तुम्हाला ओळखू यायचं कारण नाही. पण तिथल्या प्रत्येकाला माझा उजवा हात पाठ आहे.

ओडेलला मी तेव्हाच म्हटलं, येताना आधी विनीकडे डोकाव. फोन त्या उचलत नाहीयेत. झोपल्या असतील, या वयात माणूस लवकर झोपतं. लावते अजून एकदा.

थांबा... ऐकलंत?

बसा तुम्ही, मी उघडते. आमचाच माणूस असेल तर एवढ्या बर्फात त्याला बाहेर उभा ठेवायचा नाही, या घरात तर नाहीच. फक्त एक सांगून ठेवते. ओडेल ट्रकचा हॉर्न वाजवतो. तो कधी दार ठोकत नाही.